तीन अक्षरांचा फरक

साइन / सिम्प्टम

मराठीत दोन्हींना आपण सरसकट लक्षण म्हणतो. वैद्यकीय इंग्रजीत मात्र ते वेगळे ठेवायचे. रोगी स्वतः सांगतो ते सिम्प्टम: मळमळतंय, डोकं जड झालंय. दुसऱ्याला दिसते किंवा मोजता येते ते साइन: पिवळे डोळे, वाढलेली नाडी. एकाला रोग्याचे तोंड लागते, दुसऱ्याला परक्याचे डोळे.

एवढे लिहून त्रिशला मगदूमने नोंद यंत्राकडे धाडली. यंत्राने उलट प्रश्न केला: रोगी सांगत नसेल आणि दुसऱ्याला दिसतही नसेल, तर?

“तर रोग नाही,” ती म्हणाली, आणि खोकली.

हेच तिचे काम होते. दवाखान्यांचे कागद आता माणसे लिहीत नसत. डॉक्टर आणि रोगी बोलत, यंत्र ऐके, आणि खोलीबाहेर पडेपर्यंत इंग्रजी टिपण तयार होई. यंत्राला शब्द हजारो येत. पण दोन शब्द शेजारी शेजारी बसले की त्याला घाम फुटे. त्रिशला हुपरीतल्या घराच्या माडीवर बसून त्याला शेजारच्या शब्दांमधल्या भिंती दाखवी.

माडीखाली चांदीचा कारखाना होता. म्हणजे एक लांबोळकी खोली. तिथे सासरे अण्णा, नवरा भरतेश आणि दोन कारागीर पैंजण घडवत. खिडक्या बंद, पंखा नाही. वारा आला तर जोडकामाची ज्योत हलते आणि तासलेल्या चांदीचा कीस उडतो. उडालेला कीस म्हणजे उडालेली चांदी. दुपारी त्रिशला आणि तिची सासू त्याच खोलीत बसून पैंजणांना घुंगरू लावत. खोकला सगळ्यांनाच असे. चांदी उजळायच्या तेजाबाची, म्हणजे आम्लाची, वाफ म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष देत नसे.

इन्फेक्शन / डिसीज

जंतू शरीरात शिरला की इन्फेक्शन. त्याने शरीर बिघडवायला घेतले की डिसीज. क्षयाच्या बाबतीत या दोन शब्दांच्या मध्ये कधी कधी आख्खे आयुष्य मावते. जंतू फुप्फुसात येतो, शरीर त्याच्याभोवती भिंत बांधते, तो भिंतीआड झोपतो. बहुतेकांच्या बाबतीत झोपूनच

नोंद इथे तुटली. फोन वाजला. ग्रामीण रुग्णालयातून डॉ. नाझनीन मुजावर बोलत होत्या.

“त्रिशलाताई, थुंकीचा रिपोर्ट आला. क्षय परत आहे.”

“परत आहे, की परत आलाय?”

“रडायचं सोडून मला शब्द शिकवताय होय?”

“रडते नंतर. आधी सांगा, कुठला शब्द लागणार?”

“तेच तर इथल्या यंत्राला विचारायचं. उद्या या. आणि मास्क लावा, घरातसुद्धा.”

रिकरन्स

हा मोठा डबा. आजार पुन्हा झाला, एवढेच सांगतो. त्यात दोन लहान डबे.

रिलॅप्स / रीइन्फेक्शन

रिलॅप्स: जुनाच जंतू, पुरता न मेलेला, पुन्हा उठला. आपल्याकडे म्हणतात आजार उलटला.

रीइन्फेक्शन: जुना मेला होता. कुणाकडून तरी नवा आला.

पूर्वी या दोघांत फरक करायला महिने लागत, आणि बहुतेक वेळा कुणी करतच नसे, गोळ्या त्याच. आता फरक तासाभरात कळतो, म्हणून त्याच्यावर कायदा बसला होता. रिलॅप्स निघाला तर उपचार एकट्या रोग्याचे. रीइन्फेक्शन निघाले तर कुठेतरी न सापडलेला रोगी खोकतो आहे असा अर्थ होतो. मग त्या हवेत श्वास घेणाऱ्या प्रत्येकाची तपासणी, आणि ती होईपर्यंत जागेला सील.

दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची मगदुमांची रीत होती. त्या संध्याकाळी ताटे वाढली गेली, पण बोलणे जेवणाचे नव्हते. त्रिशला दाराबाहेर, व्हरांड्यात बसली होती.

“उलटलाच म्हणायचं,” अण्णा म्हणाले. “दिवाळी तोंडावर आलीया. सील लागलं तर ऑर्डरी काय पाटाखाली घालून बसू?”

“अण्णा, आपण म्हणून काय होतंय? मशीन सांगंल ते खरं,” भरतेश म्हणाला.

“मशीनला काय कळतंय गोळ्या कुणी खाल्ल्या आन् कुणी खिडकीतनं टाकल्या?”

त्रिशलाने घास खाली ठेवला. चार वर्षांपूर्वी सहा महिने तिने एकही गोळी चुकवली नव्हती. आणि याला साक्षीदार होता. साक्षीदार आत बसून सगळ्यांना वाढत होता.

“आत्या,” तिने व्हरांड्यातून हाक मारली, “तुम्ही सांगा की.”

सासूने, कुसुमबाईंनी, आमटीची पळी भांड्यात सोडली. त्या स्वतः जेवत नव्हत्या. दिवसातून एकदाच जेवायचे, एकाशनाचे व्रत त्यांनी पावसाळ्यापासून धरले होते आणि संपायची चिन्हे नव्हती.

“उलटलाच असंल,” त्या म्हणाल्या. “माणूस हाय. चुकतंय कवातरी.”

क्षय परत आल्याचे कळले तेव्हा त्रिशला रडली नव्हती. आता रडली.

वाचक

हा शब्द कोशातला नाही. हे रुग्णालयातल्या तपासणीच्या यंत्राचे नाव.

ते दिसायला घरच्या मिक्सरएवढे. थुंकीचा थेंब आत घातला की ते त्यातला क्षयाचा जंतू शोधून त्याची पोथी वाचते: चव्वेचाळीस लाख अक्षरे, एका ओळीत. जंतू दुभंगतो तेव्हा ही पोथी उतरवून घेतो, आणि उतरवताना क्वचित एखादे अक्षर चुकतो. चूक पुढच्या सगळ्या नकलांमध्ये जाते. म्हणून दोन जंतूंच्या पोथ्या शेजारी ठेवून चुका मोजल्या, तर त्यांचे नाते सांगता येते. चुका थोड्या असतील तर जवळचे, शेकड्यांनी असतील तर परके. त्रिशलाचा चार वर्षांपूर्वीचा जंतू मेला असला, तरी त्याची पोथी रुग्णालयात जपून ठेवलेली होती.

वाचकाने दोन्ही पोथ्या ताडून पाहिल्या. फरक: तीन अक्षरे. निकाल: रिलॅप्स.

“पाच अक्षरांच्या आतला फरक आहे,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “म्हणजे तोच जंतू. रीइन्फेक्शन नाही. घरचे खूश होतील.”

“तोच, हे कळलं. होता कुठे?”

“तुमच्या छातीत. आणखी कुठे?”

“झोपून?”

“झोपून. कोर्सनंतर दोन वर्षं तुम्ही नेमाने तपासण्या केल्यात, सगळ्या स्वच्छ. जागा असता तर सापडला असता.”

“मग झोपेत त्याने तीन अक्षरं चुकवली?”

डॉ. मुजावरांनी खुर्ची पडद्याकडे ओढली. बाहेर रोग्यांची रांग होती, पण डॉक्टरांचा चेहरा कोडे हातात आलेल्या मुलीसारखा झाला.

“थांबा थांबा. हे बेणं मजेशीर आहे.” बोलताना त्या पडद्यावर बोट नाचवत होत्या. “चुकायला आधी उतरवायला पाहिजे. झोपलेला जंतू फारसा दुभंगतच नाही. एखादी चूक समजू शकते. तीन म्हणजे हा बराच काळ जागा होता. खात होता, वाढत होता.”

“पण माझ्यात नव्हता.”

“तुमच्यात नव्हता.”

डॉ. मुजावरांनी पडदा तिच्याकडे वळवला.

“म्हणजे माझाच,” त्रिशला सावकाश म्हणाली, “पण माझ्याकडून कुणाकडे तरी गेला, तिथे राहिला, आणि परत आला. मग हा रिलॅप्स की रीइन्फेक्शन?”

“व्याख्येने पहिला. वाटेने दुसरा. ज्यांनी व्याख्या केली त्यांच्या डोक्यात हे आलंच नसणार.” डॉक्टर मागे टेकल्या. “ऐका. निकालावर आक्षेप घ्यायचा हक्क रोग्याला आहे. तुम्ही घेतलात तर शब्द बदलेल आणि नियम सुरू होईल, सील वगैरे सगळं. मग ते माझ्या हातात नाही. नाही घेतलात, तर मी घरी येऊन सगळ्यांना तपासणीची विनंती करू शकते. विनंतीला तुमचे सासरे काय म्हणतील?”

“चहा देतील.”

“बिस्किटं?”

“तुमच्यासाठी आणतील. तपासणीला मात्र येणार नाहीत.”

सस्पेक्ट / प्रिझम्प्टिव्ह

दोन्ही म्हणजे तपासणी व्हायची असलेला संशयित रोगी. पहिला शब्द आता वापरू नये. पोलिसी वाटतो.

“अहो, तुम्हाला रात्री घाम येतो का?” त्रिशलाने कारखान्याच्या दारातून भरतेशला विचारले.

“उन्हाळ्यात कुणाला येत न्हाई?”

“आत्ता ऑक्टोबर आहे.”

“मग ऑक्टोबरचा येतो. काय चाललंय तुझं? सकाळपासनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बसलीयास.”

“वजन कमी झालंय?”

“माझं?” भरतेशने पोटावर थाप मारली. “हे बघून बोल.”

“आणि कारागिरांपैकी कुणी...”

“त्रिशला. ऐक. तुझ्या गोळ्या सुरू झाल्या, तू बरी होणार. रिपोर्ट उलटला म्हणतोय, अण्णा खूश हायत. कशाला पोळ्याला काडी लावतीस?”

“कारण कुणीतरी आतून पोखरलं जातंय, आणि त्याला माहीत नाही.”

“आन् माहीत असलं तर?”

तो सहज बोलून गेला. उत्तराची वाटही न बघता ज्योतीकडे वळला.

जंतूचा प्रवास

(ही नोंद त्रिशलाने कुणाकडेही पाठवली नाही.)

तू माझ्यातून निघालास. कधी? मी खोकत होते तेव्हा. कुठे? तेव्हा मी कारखान्यात बसतच नव्हते. लग्नाला वर्ष झाले होते, मी माडीवरच्या खोलीत होते. अण्णा म्हणाले होते हिला माहेरी पाठवा. पाठवले नाही. शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. भरतेश दारातून बोलायचा. जेवणाचे ताट दारात यायचे.

मग कपाळावर हात कुणी ठेवला? पाय कुणी चेपले? रोज गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखव म्हणायचे कोण? खोलीत माझ्या शेजारी अंथरूण कुणाचे होते?

तुला जायला एकच वाट होती.

तेज

शब्दकोशात याला इंग्रजी प्रतिशब्द सापडत नाही.

गच्चीवर ऊन होते. कुसुमबाई सांडग्यांच्या ताटाजवळ बसल्या होत्या. खालच्या आळीतल्या दोघी बायका नुकत्याच त्यांच्या पाया पडून गेल्या होत्या. एवढे मोठे व्रत, काकी, शरीर नुसतं काडी झालं, पण तोंडावर तेज बघा कसं चढलंय! गाल खरेच गुलाबी होते. पावसाळ्यापासून पाहुण्यांपैकी प्रत्येकाने हेच म्हटले होते, आणि त्रिशलानेही.

“आत्या, ताप कधीपासून आहे?”

कुसुमबाईंनी एक सांडगा उलटा केला. मग दुसरा.

“डाक्टरनीनं सांगितलं?”

“नाही. मशीनने सांगितलं की तो कुणाकडे तरी राहून आलाय. कुणाकडे, ते मला समजलं.”

“लई हुशार हैस.” त्या पदराने तोंड झाकून खोकल्या. कोरडा, दाबलेला, सवयीचा खोकला. “दीड वरीस झालं असंल. आधी बारीक खोकला हुता. मग संध्याकाळचा ताप. जेवण जाईना. आता जेवत न्हाई म्हटलं तर धा जणं इचारणार. व्रत धरलं म्हटलं की कोन इचारत न्हाई. उलट पाया पडत्यात.”

“आणि माझ्याबद्दल उलटलाच असंल म्हणालात. तुम्ही! माझी एकेक गोळी तुमच्यासमोर गेलीय.”

“मला ठाऊक न्हाई व्हय? एक चुकवली न्हाईस.” त्यांनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिले. “नवा हाय म्हटलं असतं तर समद्यांना तपासलं असतं. माझा निघाला असता. मग ह्यांनी काय म्हटलं असतं? सुनेनं घरात आणला, सासूला लावला. चार वर्सांमागं तुला माहेरी धाडायचं घाटत हुतं. मी आडवी पडले. आता कोन आडवं पडलं असतं?”

त्रिशलाला राग कुठून सुरू करावा तेच समजत नव्हते.

“आसं कर,” कुसुमबाई आवाज उतरवून म्हणाल्या. “उलटलाच ऱ्हाऊ दे. तुला गोळ्या मिळत्यात न्हवं? त्यातल्या निम्म्या मला दे. कुणाला कळायचं न्हाई.”

“आत्या, निम्म्या गोळ्यांनी तो मरत नाही. शिकतो. जे औषध पुरं पडलं नाही, त्याला पुढे भीक घालत नाही. मग तुम्हीही जाल आणि मीही.”

“खरं सांगतीस, का भ्या दाखवतीस?”

“खरं सांगून भ्या दाखवते.”

कुसुमबाई हसल्या. हसण्याने पुन्हा खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. पदर तोंडावरून काढला तेव्हा त्यांनी तो पटकन मुडपला. पण त्रिशलाने पाहिले होते.

ती उठली आणि तिथेच, सांडग्यांच्या ताटाजवळ उभी राहून तिने फोनवर आक्षेप नोंदवला.

“माझं नाव घातलंस?”

“नाही. ते मशीन शोधेल. फक्त शब्द बदलून मागितला.”

क्वारंटाइन / आयसोलेशन

निरोगी वाटणाऱ्याला वेगळे ठेवणे ते पहिले, रोग्याला वेगळे ठेवणे ते दुसरे. सील लावायला आलेल्या कर्मचाऱ्यांना अण्णांनी हा फरक मान्य नसल्याचे मोठ्याने सांगितले. त्यांचे शब्द कुठल्याच कोशात घालता येणार नाहीत.

कारखान्याला कुलूप लागले. दोन व्यापाऱ्यांनी माल दुसरीकडे वळवला. भरतेश दोन दिवस बायकोशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या रक्ताच्या तपासणीत इन्फेक्शन सापडले, डिसीज नव्हता, आणि मग तो तिला विचारायला आला की या दोहोंत नेमका फरक काय. कारागीर सुटले. अण्णा सुटले. अण्णांचा खोकला खरोखरच तेजाबाचा निघाला, याचा त्यांना फार अभिमान वाटला.

कुसुमबाईंच्या दोन्ही फुप्फुसांना क्षय होता.

या नोंदीला अजून शब्द नाही

डॉ. मुजावरांनी घरच्या चौघांना बोलावून घेतले. खोलीच्या खिडक्या सताड उघड्या, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. एका बाजूला दोघी, समोर बापलेक.

“कुसुमबाई,” डॉक्टर म्हणाल्या, “वाचकाने वाट काढलीय. कुणाकडून कुणाकडे, ती. त्यात तुमचं नाव आहे. तुम्ही हो म्हटलंत तरच मी सगळ्यांसमोर दाखवणार. नाही म्हटलंत तरी तुमच्या गोळ्या आजच सुरू होतील.”

“दाव,” कुसुमबाई म्हणाल्या. “लपवून काय मिळालं? हाडं दिसाय लागली.”

पडद्यावर तीन ठिपके आले. पहिला ठिपका, चार वर्षांपूर्वीची त्रिशला. तिथून बाण कुसुमबाईंकडे. त्या बाणानंतर जंतूने तीन अक्षरे चुकवली होती, आणि ती तिन्ही कुसुमबाईंच्या जंतूत होती. तिथून दुसरा बाण निघून पुन्हा त्रिशलाकडे, आजच्या. त्या तिन्ही चुका जशाच्या तशा बरोबर घेऊन.

अण्णा पुढे झुकून पहिल्या बाणाकडे बघत राहिले. नेमके पैंजणाचा सांधा तपासताना बघत तसे.

“म्हंजे हिनंच दिला,” ते म्हणाले. “सुरुवात हिच्यापास्नं झाली. मी तवाच सांगत हुतो...”

“अण्णा,” भरतेश म्हणाला.

“काय अण्णा? दिसतंय की समोर! सुनेकडनं सासूला!”

हे वाक्य येणार हे त्रिशलाला आक्षेप नोंदवतानाच ठाऊक होते. ते खोटे नव्हते. अर्धेच होते, आणि उरलेले अर्धे स्वतःच्या तोंडाने सांगणे तिला जमले नसते.

“आवो,” कुसुमबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला चारचौघांत तोडले नव्हते. “दुसरा बाण बी वाचा की. का तेवढा दिसंना?”

अण्णांनी पाहिले.

“त्यो माझ्याकडनं हिच्याकडं. पोरगी बरी झालती. खडखडीत. मी आजारी, मला ठाऊक, तरी रोज दुपारी हिच्या मांडीला मांडी लावून घुंगरू लावत बसले. तोंडातनं शब्द काढला न्हाई. आता कुणी कुणाला दिला म्हणायचं?”

डॉक्टर वाट बघत होत्या. फाईलमध्ये त्यांना शब्द भरायचा होता आणि वाट कळल्यावर वाचकाने दोन्ही शब्द नाकारले होते.

“शेजारणीनं वाटीतनं कालवण दिलं,” कुसुमबाई पुढे म्हणाल्या, “तर आपल्यात रिकामी वाटी परत धाडत्यात का?”

“न्हाई,” अण्णांच्या तोंडून निघून गेले.

“मग. हिची वाटी हुती. चार वर्सं माझ्याकडं ऱ्हायली. परत करताना तीन अक्षरं घातली त्यात. रिकामी कशी द्यायची?”

अण्णांनी पडद्याकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. हिशेबी आवाजात त्यांनी विचारले, “तीनच?”

“कंजूस घरात दिलं मला,” कुसुमबाई म्हणाल्या.

डॉ. मुजावरांनी मास्कच्या आत हसू दाबले. त्रिशलाला ते जमले नाही, सासूलाही जमले नाही, आणि हसता हसता दोघींना एकदमच खोकला आला. मास्कवर हात दाबून, एकमेकींच्या खांद्याला धरून त्या खोकत राहिल्या. अण्णा खुर्चीवर तसेच पुढे झुकून बसले होते. त्यांनी खुर्ची मागे घेतली नाही.